पाच मुलांचे न्यायासन

नोकरीधंद्याच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मुलाला एका शब्दाची मोठी गंमत वाटते. भोपाळला किंवा लखनौला एखाद्या सरकारी इमारतीवर ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी त्याच्या दृष्टीस पडते आणि घरी येऊन तो विचारतो, की लोकांना शिक्षा करण्यासाठी येथे स्वतंत्र खाते कशाला ठेवले आहे? आईवडील हसतात आणि त्याला समजावून सांगतात, की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. संस्कृतातही शिकणे-शिकविणे हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. मराठीने मात्र शिकविण्याचे काम ‘शिक्षण’ या शब्दाकडे सोपविले आणि ‘शिक्षा’ दंडाच्या पदरात टाकली. शब्दांची अशी अर्थांतरे सगळ्याच भाषांत होतात; तेवढ्यावरून एखाद्या समाजाची परीक्षा करणे न्यायाचे होणार नाही. तथापि शिकविणे आणि दंड करणे ही एकाच मुळाची दोन पाने होत, ही समजूत मराठी घरांत आणि शाळांत दीर्घकाळ नांदली, हे नाकारता येण्यासारखे नाही.

या समजुतीच्या विरुद्ध बाजूला दुसरा एक पंथ आहे. मुलाला रागवायचे नाही, दुखवायचे नाही, चुचकारून, खाऊ देऊन, प्रसंगी खोटे आश्वासन देऊन वेळ मारून न्यायची, असा त्याचा मार्ग. पहिला पंथ दुसऱ्याला दुबळा म्हणतो आणि दुसरा पहिल्याला निष्ठुर ठरवितो. परंतु जरा बारकाईने पाहिले, तर दोन्ही पंथांत एक गोष्ट समान आढळते. मूल चुकले की नाही हे ठरविणारे मोठे माणूस, आरोप ठेवणारे तेच, साक्षीदार तेच, न्यायाधीश तेच आणि शिक्षेची किंवा क्षमेची अंमलबजावणी करणारेही तेच. मुलाला या सर्व व्यवहारात बोलण्याचा अधिकार फारसा नसतो. आणि तो बोललाच, तर उलट उत्तर दिल्याचा आणखी एक गुन्हा त्याच्या नावावर जमा होतो.

या एकाधिकारालाच हात घालणारा एक माणूस वॉर्सा शहरात होऊन गेला. त्याचे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. यानुश कोर्चाक हे त्याचे टोपणनाव, आणि जगाने लक्षात ठेवले तेही तेवढेच. गोल्डश्मिट हे पेशाने बालरोगांचे डॉक्टर, जातीने ज्यू, वृत्तीने लेखक. मुलांच्या रुग्णालयातील चांगली चाललेली कारकीर्द बाजूला ठेवून 1912 साली त्यांनी वॉर्सामधील क्रोख्माल्ना रस्त्यावर अनाथ ज्यू मुलांसाठी बांधलेल्या वसतिगृहाची सूत्रे हाती घेतली. स्टेफानिया विल्चिन्स्का या कर्तबगार बाईंनी त्या घराचा संसार सांभाळला. पुढे जर्मनांनी पोलंड व्यापले, वॉर्सातील ज्यूंना भिंत घालून एका वस्तीत कोंडले, तेव्हा हे वसतिगृहही त्या कोंडवाड्यात गेले. 18 जुलै 1942 रोजी तेथल्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल भुकेने खंगलेल्या पोलिश मुलांच्या तोंडून बोलला. त्यानंतर तीन आठवडे लोटण्याच्या आतच सुमारे 200 मुलांसह डॉक्टर आणि स्टेफानियाबाई यांना ट्रेब्लिंकाच्या छळछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढविण्यात आले. त्यांपैकी कोणी परत आले नाही.

या मरणाची कीर्ती इतकी मोठी झाली, की तिच्या सावलीत या माणसाचे तीस वर्षांचे काम दिसेनासे झाले. मुलांबरोबर मरावयास तयार झालेला संत एवढीच त्यांची ओळख उरली. डॉक्टरांना स्वतःला ती रुचली नसती. मुलांबरोबर मरणे एकदाच घडले. त्यांच्याबरोबर रोज राहणे, आणि शंभर मुलांच्या घरात ते न्यायाने राहणे, हे त्यांचे खरे काम होते.

डॉक्टर मुळातच फार शांत, फार प्रेमळ होते असे मानण्याचे कारण नाही. वसतिगृहापूर्वी काही वर्षे त्यांनी गरीब मुलांच्या उन्हाळी शिबिरांत देखरेखीचे काम केले होते. पहिल्याच शिबिरात निजायच्या खोलीत मुलांनी अंधारात गोंगाट आरंभिला, शिट्ट्या घातल्या, आरडाओरडा केला. आणि मुलांविषयी सुंदर कल्पना मनात घेऊन आलेल्या या तरुण डॉक्टरांनी एका मुलाला कान धरून ओढले आणि बाहेर मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याचा धाक घातला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. नवे वसतिगृह सुरू झाले त्या पहिल्या वर्षीही मुलांनी नव्या घराच्या नियमांशी उघड वैर धरले. या अनुभवांतून दोन निष्कर्ष निघण्यासारखे होते. मुले वाईट असतात, हा एक. आणि मीच पुरेसा प्रेमळ नाही, हा दुसरा. डॉक्टरांनी दोन्ही टाकून दिले. मोठ्या माणसाच्या स्वभावावर, त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर, त्याला डोके दुखते आहे की नाही यावर मुलाचे भाग्य अवलंबून असावे, यातच मूळ दोष आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. मग उपाय एकच उरला. घराला कायदा पाहिजे. आणि तो दोघांनाही लागू पाहिजे.

त्यातून मुलांचे न्यायालय जन्मास आले. त्याची रचना सांगण्यासारखी आहे. दालनात एक फळा टांगलेला असे. ज्याची काही तक्रार असेल त्याने आपले नाव आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे नाव त्यावर लिहावयाचे. कोणी मारले, कोणी ढकलले, कोणी न विचारता वस्तू घेतली, कोणी नावे ठेवून चिडविले, असल्याच गोष्टी. आठवड्यातून एकदा न्यायालय बसे. पन्नास खटल्यांमागे पाच न्यायाधीश, आणि ते चिठ्ठ्या टाकून निवडावयाचे. मात्र त्या आठवड्यात ज्याच्यावर एकही खटला नाही त्याचीच चिठ्ठी त्यात पडावयाची. म्हणजे आज आरोपी असलेला मुलगा पुढच्या खेपेस न्यायासनावर बसू शकत असे, आणि आजच्या न्यायाधीशाला पुढच्या आठवड्यात आरोपीच्या जागी यावे लागणे अशक्य नव्हते. मोठ्या माणसांपैकी एक जण चिटणीस म्हणून जबान्या टिपून घेई आणि सभेत वाचून दाखवी. त्याला मत नसे.

या न्यायालयाच्या संहितेची कलमे एकापासून हजारापर्यंत होती. मधले पुष्कळसे आकडे अर्थातच रिकामे होते. पहिल्या नव्याण्णव कलमांत शिक्षा नावाला नाही. कोठे तक्रार मागे घेतली असे नोंदलेले, कोठे आरोपीने केले ते योग्यच होते असा निर्वाळा, कोठे त्याला परिणामाची कल्पना नव्हती म्हणून क्षमा, कोठे पश्चात्ताप झाला म्हणून क्षमा. शंभराव्या कलमापासून सूर बदलतो. तेथे न्यायालय क्षमा करीत नाही. आरोप खरा आहे एवढेच सांगते. दोनशेवे कलम सांगते, की तू चुकलास. तीनशे, चारशे असे आकडे वाढतात तसा ठपका कडक होत जातो. पुढे निकाल घरच्या पत्रकात छापणे, फळ्यावर नाव लावणे, नातेवाइकांना कळविणे, अशा पायऱ्या येतात. नऊशेव्या कलमाखाली न्यायालय आपली आशा संपली असे जाहीर करी आणि त्या मुलासाठी कोणी जामीन राहील काय, असे विचारी. हजारावे कलम म्हणजे घरातून जाणे. छडीला, उपाशी ठेवण्याला, अंधाऱ्या खोलीत कोंडण्याला या हजार आकड्यांत कोठेही जागा नव्हती.

संहितेच्या प्रास्ताविकात डॉक्टरांनी क्षमेची जी बाजू मांडली, तीत भाबडेपणाचा लवलेश नाही. अजाणतेपणी चूक झाली असेल, तर आता ती जाण आली आहे. नकळत झाली असेल, तर पुढे तो सावध राहील. नवी वळणे अंगी लागत नाहीत म्हणून झाली असेल, तर त्याला वेळ हवा. दुसऱ्याच्या नादाने झाली असेल, तर पुन्हा तो नादी लागणार नाही, अशी त्यांच्या विचाराची दिशा. परंतु त्याच प्रास्ताविकात त्यांनी दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदविली. दांडग्यांच्या हातून मुकाट्या मुलांचा छळ होऊ नये, उद्योगी मुलांना उनाडांचा उपद्रव होऊ नये, यासाठी न्यायालय आहे. घरात अव्यवस्था माजली म्हणजे तिचा भुर्दंड सर्वांत जास्त कोणाला पडतो, तर जे मूल कोणाला त्रास देत नाही त्याला. मुलांशी सौम्यपणे वागावे असे सांगणारे पुष्कळ लोक या मुकाट्या मुलाला विसरतात. दांडग्याला समजून घेण्याच्या भरात त्याने ज्याचा हात पिरगाळला त्याला कोणी काही विचारीतच नाही.

खटले किती यावेत? एका वर्षात साडेतीन हजार. सर्वांत कमी आले त्या आठवड्यात 50 आणि सर्वांत जास्त आले त्या आठवड्यात 130. ज्याला मुलांच्या भांडणांचा कंटाळा येतो त्याला हे आकडे पाहून घाम फुटेल. एका पेन्सिलीपायी एवढा कागद खर्ची घालावयाचा काय? डॉक्टरांचे उत्तर असे, की पेन्सिल कोणाच्या लेखी क्षुद्र आहे, ते आधी पाहावे. ज्याच्या मालकीच्या वस्तू एका खणात मावतात त्याला मोडलेल्या पेन्सिलीचे दुःख मोठ्या माणसाच्या बुडालेल्या ठेवीएवढे असू शकते. ‘असू दे रे, दुसरी आणू’ हे वाक्य घरोघर प्रेमाने उच्चारले जाते. परंतु त्यात मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचे टाळलेले असते.

हे सर्व ऐकून न्यायालयाची वाट गुळगुळीत होती असे कोणास वाटेल, तर तसे नव्हते. काही मुलांना त्याचा मनापासून तिटकारा होता. क्षमाच होणार आहे तर भ्यावयाचे कशाला, असे म्हणून खुशाल खोडी काढणारे होते. ‘जा, लाव खटला’ असे तोंडावर सांगणारे होते. न्यायाधीश मुले कधी मित्राकडे झुकत, कधी शत्रूवर सूड उगवीत. अखेर डॉक्टरांनी न्यायालय चार आठवडे बंद ठेवले. स्वतःच्या आवडत्या प्रयोगाला कुलूप घालावयास लागणारे धैर्य शिक्षणसुधारकांत विरळच आढळते. बहुतेकांचे प्रयोग कागदोपत्री नेहमी यशस्वी होतात. त्या चार आठवड्यांत काहींना सुटल्यासारखे झाले, काही जण अधिकच सैल सुटले, आणि काही मुले न्यायालय पुन्हा केव्हा भरणार याची चौकशी करू लागली. मग दुरुस्त्या होऊन ते पुन्हा बसले. निकालावर फेरविचार मागण्याची सोय झाली, अवघड प्रकरणांसाठी वेगळे मंडळ नेमले गेले, आणि मोठ्या माणसांवर खटला भरण्याचा मुलांचा हक्क स्पष्टपणे मान्य झाला.

या शेवटच्या हक्काला डॉक्टरांनी स्वतःच्या उदाहरणाने वजन आणले होते. सहा महिन्यांत पाच वेळा त्यांनी स्वतःवर खटला दाखल केला. एका मुलाच्या कानाखाली मारले, हा एक. एकाला निजायच्या खोलीतून बाहेर घालविले, हा दुसरा. एकाला कोपऱ्यात उभे केले. एका न्यायाधीशाचा अपमान केला. एका मुलीवर चोरीचा संशय घेतला. घराचा प्रमुख, शहरातला नामांकित डॉक्टर, प्रसिद्ध लेखक, आणि त्याच्यापुढे चिठ्ठ्यांनी निवडलेली पाच पोरे. त्यांनी आपला जबाब लिहून दिला आणि निकालाची वाट पाहिली. पाचही निकाल पहिल्या शंभरीच्या आतले होते.

या पाच खटल्यांनीच आपले शिक्षण केले, असे डॉक्टरांनी पुढे नमूद केले. मुलांवर प्रेम आहे म्हणून त्यांना न छळणारा शिक्षक वेगळा, आणि छळ केला तर जाब द्यावा लागेल अशी व्यवस्था आहे म्हणून न छळणारा शिक्षक वेगळा. त्यांचा भरवसा दुसऱ्यावर होता, कारण प्रेम थकते. संध्याकाळी सातच्या सुमारास, कचेरीतून आलेल्या बापाचे आणि चुलीपाशी राबलेल्या आईचे ते किती थकलेले असते, हे घरोघरच्या मुलांना चांगले ठाऊक आहे.

त्याच काळात भारतातही ही जाग येत होती. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर काढले. 1923 साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबादच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, ज्या मुलांना शाळेचा उंबरठाही ठाऊक नव्हता त्यांच्या अंगणात आणि कुरणात शाळा नेली. तेथे धाकाचा प्रश्नच नव्हता. आदिवासी मुलाला छडी दाखविली असती, तर तो रानात निघून गेला असता आणि पुन्हा दिसला नसता. मुलाला येण्याची किंवा न येण्याची मोकळीक असली म्हणजे शिक्षकाला किती लवकर सभ्यता येते, याचा हा उत्तम दाखला आहे. पुढे 2009 साली बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला, 1 एप्रिल 2010 पासून तो अमलात आला, आणि त्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी केली. छडी कपाटात गेली हे चांगलेच झाले. पण वर्गासमोर मुलाची हजेरी घेणारी जीभ कपाटात जात नाही, आणि घराच्या दाराआड तर त्या कलमाचा हात पोहोचतच नाही.

घरात पाच न्यायाधीश बसविता येत नाहीत. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तितकी माणसेही नसतात. पण संहितेतील पुष्कळसे तेथे आणता येते. कपबशी फुटली, की ‘कोणी फोडली?’ असा गर्जून प्रश्न येतो आणि तत्क्षणी घरात खोटे जन्मास येते. त्याऐवजी तुकडे आधी सर्वांनी मिळून उचलले आणि झाले कसे हे जेवणानंतर विचारले, तर उत्तर बहुधा खरे मिळते. वॉर्साला तक्रार आणि निकाल यांत काही दिवसांचे अंतर पडे, त्याचा मोठा गुण हाच होता. तितक्या अवधीत पुष्कळ फिर्यादी स्वतःच तक्रार मागे घेत. आणखी एक गोष्ट घरात येऊ शकते, ती अधिक कठीण आहे. हरवलेला कागद पोराने घेतला असे समजून वडिलांनी त्याला चपराक दिली आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद वडिलांच्या कोटाच्या खिशात सापडला, असे प्रसंग घडतात. त्या दिवशी मुलासाठी संध्याकाळी जिलबी येते. कागद सापडल्याचे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

खाऊचा विषय निघालाच आहे, तर डॉक्टरांची एक रीत सांगितली पाहिजे. गिजुभाईंना शिक्षेइतकेच बक्षिसाचेही वावडे होते, आणि त्यांनी या रीतीला नाक मुरडले असते. तिच्यात थोडासा खाऊ होता हे खरे. पण तो खाऊ कोणी कोणाला लाच म्हणून देत नसे. डॉक्टर मुलांशी पैजा लावीत. एखादा मुलगा येऊन म्हणे, की त्याला मारामारीची खोड सोडावयाची आहे. डॉक्टर विचारीत, आठवड्यातून किती वेळा होते? समजा, तो सात वेळा म्हणाला. तर पुढच्या आठवड्यात एकही नाही, अशी प्रतिज्ञा ते करू देत नसत. ती दुसऱ्याच दिवशी मोडेल आणि मुलाचा स्वतःवरचा विश्वास तिच्याबरोबर जाईल, हे ते जाणून होते. सहा मारामाऱ्यांना मुभा ठेवून पैज लागे. जिंकली की एक दोन गोळ्या, आणि पुढच्या आठवड्यास पाचाची पैज. खोटे बोलण्याच्या बाबतीतही हाच हिशेब. खोटे बोलण्याची सवय असलेल्या मुलाला चार खोट्यांची सवड देऊन त्याच्याशी करार करणारा शिक्षक पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण एका रात्रीत सत्यवादी झालेला मुलगा आजवर कोणी पाहिलेला नाही.

या पैजांवर कोणी पाळत ठेवीत नसे. साक्षीदार नाही, तपासणी नाही. आठवडा संपला म्हणजे मुलगा येऊन जिंकलो की हरलो ते स्वतःच सांगे, आणि त्याचा शब्द प्रमाण मानून गोळ्या दिल्या जात. हरलेला मुलगा पुन्हा येई. आकडा तोच ठेवावा की एकाने वाढवावा, याची तो डॉक्टरांशी गंभीरपणे वाटाघाट करी, आणि वहीत नव्या आठवड्याची नोंद होई.